पान चौतीसवरची चेष्टा

जुनी आहे मी, मित्रांनो. वही आहे, आणि तीही दुसऱ्यांच्या मतांची. माझ्या पोटात दोनशे पानं आहेत, पण त्यांतल्या एकाही पानावर माझं स्वतःचं म्हणावं असं एक अक्षर नाही. जो आला त्याने लिहिलं, खाली सही ठोकली आणि चपला घालून तो चालता झाला. आज पहिल्यांदाच मी माझं सांगायला बसले आहे. ते कडू लागेल, हे आधीच सांगून ठेवते. कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच राहतं, आणि घोळवून घ्यायची मला हौसही नाही.

छत्तीसगडातल्या दुर्ग शहराच्या जुन्या बाजारात एका बाइंडरच्या दुकानात माझी शिलाई झाली. लाल कापडाची पाठ, जाड पुठ्ठा, आणि प्रत्येक पानावर छापलेले रकाने : क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, शेरा. खरं तर कुठल्याशा कचेरीत आवक-जावक नोंदवायला माझा जन्म झाला होता. त्या कचेरीने ऑर्डर रद्द केली आणि मी दोन वर्षं दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडले. मग एके दिवशी श्यामराव आले. त्यांनी माझी पानं अंगठ्याने फर्रकन उडवून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाले की रकाने आहेत ते बरंच आहे, लोक मोजकं लिहितील. लोक मोजकं लिहितात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यात कधी अभिप्राय वही पाहिलेली नसते.

अशी मी भिलाईला आले, हुडको नावाच्या वसाहतीतल्या मराठी वाचनालयात. दोन खोल्या, सहा लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि त्या टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेलं एक पेन. कोणी कारखान्याच्या नोकरीसाठी तर कोणी रेल्वेच्या, नागपूर-भंडाऱ्याकडून इकडे आलेली ही माणसं. त्यांची मुलं शिकली हिंदीत, भांडली हिंदीत, प्रेमातही हिंदीतच पडली. मराठी उरली घरात, ताटावर बसल्यावर वाढ-नको म्हणण्यापुरती. तरी रविवारी सकाळी वाचनालय भरायचं, आणि वाचून झालेल्या पुस्तकाबद्दल माझ्यात चार ओळी लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक द्यायचं नाही, असा श्यामरावांचा नियम होता.

श्यामराव वाचनालयाचे सचिव. कारखान्यात बावीस वर्षं ते हिंदी अनुवादक होते. कोणता शब्द कोणत्या भाषेत कोणता झगा घालतो, हे त्यांच्याइतकं हुडकोत दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. माझ्यातला प्रत्येक अभिप्राय ते वाचत आणि खाली बारीक अक्षरात 'वाचले. श्या.' असं लिहीत. त्यांनी स्वतःही एक ग्रंथ लिहिला होता, भिलाईतल्या मराठी माणसाच्या इतिहासावर. तो दारासमोरच्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेला असे. सहा वर्षांत त्याच्यावर दोन अभिप्राय आले, त्यांतला एक त्यांच्या जावयाचा.

आणि मग मृणालची कादंबरी आली.

मृणाल कारखान्याच्या कार्मिक विभागात कारकून. पंचेचाळिशीची, अविवाहित, हुडकोतच राहणारी. तिच्या गल्लीत कृष्णराव आणि गयाबाई राहत. कृष्णराव रेल्वेतून निवृत्त झालेले, उभा जन्म दुर्गच्या लाइनीवर रूळ तपासत चाललेले. त्यांचा एकुलता एक मुलगा गौरव फौजेत गेला. गयाबाईंना अक्षरओळख नाही आणि कृष्णराव तेव्हा दिवसभर लाइनीवर, म्हणून गौरवची पत्रं मृणालच वाचून दाखवायची आणि गयाबाई सांगतील तसं उत्तरही तीच लिहायची. पुढे गौरव सीमेवरच्या एका चौकीत बर्फाच्या कड्याखाली गेला. त्याची मुलगी उन्नती तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या आईने पुढे दुसरं लग्न केलं, ती रायपूरला गेली, आणि उन्नती आजी-आजोबांकडे वाढली. हे सगळं मला कोणी मुद्दाम सांगितलं नाही. टेबलाशी बसणाऱ्या बायका बोलायच्या, आणि भिंतीला कान असतात तसे वहीलाही असतात.

गौरवची सगळी पत्रं गयाबाईंनी एका पिशवीत घालून मृणालला दिली होती. त्या पत्रांवरून तिने सात वर्षं खपून कादंबरी लिहिली, 'नवव्या चौकीचा निरोप'. बर्फातली एक चौकी. मेजर रणधीर आणि तिथल्या इस्पितळातली डॉक्टर इरा यांचं प्रेम. चौकीतली बातमी कोणीतरी शत्रूला पोचवतं आहे, आणि संशय येतो तो थेट मेजरवर. इराला मेजर हवा आहे आणि सत्यही हवं आहे, आणि ही दोन्ही एकदम मिळतील असं काही दिसत नाही. पुस्तक नागपूरला छापलं गेलं. वाचनालयात त्याच्या चार प्रती आल्या आणि चारही प्रती कधी एकदम कपाटात दिसल्या नाहीत.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. शाळेत शिकवणाऱ्या ताराबाईंनी लिहिलं, 'पान ९७ वर पोचले आणि गॅसवरची भाजी करपली. भाजीचे दुःख नाही.' रोज कुम्हारीला नोकरीला जाणाऱ्या राजदीपने लिहिलं की बसमध्ये वाचत होतो, कुम्हारी मागे गेली, रायपूरला उतरून परत आलो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या सुमेधने पानांचे आकडे देऊन चुका काढल्या होत्या : 'मेजर साहेब एकटे गस्तीवर जात नसतात. डॉक्टर मॅडमला वायरलेसच्या खोलीत कोणी घुसू देणार नाही. बाकी मी दोनदा वाचली.' आणि मोना नावाच्या एका उत्साही बाईंनी माझ्या एकतिसाव्या पानावर चक्क शेवटच लिहून टाकला, की मेजर बर्फातून जिवंत परत येतो, निर्दोष ठरतो आणि घरी येऊन आईच्या हातचं पिठलं मागतो, तिथे मी हमसून रडले. त्यावर मृणालने हसत हसत सगळ्यांना दम भरला होता : यापुढे शेवट कोणी फोडायचा नाही, विशेषतः गयाकाकूंसमोर.

कारण गयाबाई ती कादंबरी ऐकत होत्या. दर रविवारी सकाळी त्या लुगडं चापून नेसून यायच्या, टेबलाच्या टोकाला बसायच्या आणि मृणाल त्यांना एक प्रकरण वाचून दाखवायची. रणधीर म्हणजे आपला गौरव, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पत्रातली त्याची वाक्यं मेजरच्या तोंडी आली की त्या मान हलवायच्या. एकूण प्रकरणं तेवीस. एकोणिसाव्याच्या शेवटी मेजर, गद्दारीचा ठपका घेऊन, वादळात नाहीसा होतो. त्या दिवशी पुस्तक मिटल्यावरही गयाबाई उठल्या नाहीत.

"तो सापडते का नाही, पोरी?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या रविवारी, काकू," मृणाल म्हणाली. तिच्या डोळ्यांत लेखकाची मिस्कील चमक होती. ती चमक तिला फार महाग पडली.

त्याच आठवड्यात उन्नतीने कादंबरी संपवली. उन्नती एकोणीस वर्षांची, हिंदी माध्यमात शिकलेली, नर्सिंगला बेंगळुरूला प्रवेश मिळालेला. आयुष्यातलं पहिलं मराठी पुस्तक ती वाचत होती, ओळीखाली बोट धरून, बारा दिवस, माझ्याच शेजारी बसून. मध्येच थांबायची, एखादं वाक्य पुन्हा वाचायची. बापाचा आवाज तिने कधी ऐकलेलाच नव्हता. तो तिला या पुस्तकात पहिल्यांदा ऐकू येत होता, हे मी तिच्या चेहऱ्यावरून सांगू शकते. शेवटचं पान झाल्यावर तिने मला ओढलं, चौतिसावं पान उघडलं, आणि पेन हातात धरून बराच वेळ अडून बसली.

तिला लिहायचं होतं की मृणाल आत्याने किती मेहनत घेतली. पण ती पुटपुटली, "मेहनत तो हिंदी है." मराठी म्हणजे काहीतरी शुद्ध, संस्कृतासारखं हवं, असं तिच्या डोक्यात बसलेलं. मेहनत हा शब्द मराठीतही रोज उठून कामाला जातो, हे त्या पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकातला एक सोवळा शब्द आठवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'लेखिकाने माझ्या बाबांवर खूप चेष्टा केली आहे. इतकी चेष्टा आमच्या घरच्यांनी पण कधी नाही केली. मला फार रडायला आले. उन्नती.'

मित्रांनो, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, खटपट. मराठीत चेष्टा म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. उन्नती डोळे पुसत, हसत घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बेंगळुरूला निघून गेली.

ती गेली त्याच दुपारी श्यामराव आले. त्यांनी चष्मा पुसला, ती ओळ वाचली आणि क्षणात ओळखली. बावीस वर्षं ज्याने 'हर संभव चेष्टा की जाएगी' असली वाक्यं जुळवली, तो ओळखणार नाही तर कोण? त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि 'चेष्टा'च्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'हिंदी अर्थ : प्रयत्न'. मला हायसं वाटलं. मग त्यांची नजर मागच्या पानांवर गेली. तीस अभिप्राय. एकाच पुस्तकावर, चार महिन्यांत, तीस. त्यांनी मान वर करून दारासमोरच्या कपाटाकडे पाहिलं, डोळ्यांच्या उंचीवर. नंतर त्यांनी खोडरबर घेतलं. हळूहळू, कागद फाटू नये अशा बेताने, ते शब्द पुसले आणि खाली लिहिलं, 'वाचले. श्या.'

माझ्या अंगावरून शेकडो पेनं फिरली. खोडरबर इतकं कधी लागलं नव्हतं.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही, कारण ते घडायलाही लागला नाही. संध्याकाळी ताराबाईंनी ती ओळ वाचली. रात्रीपर्यंत हुडकोत पसरलं की शहिदाच्या मुलीने लिहून ठेवलं आहे, मृणालने गौरवची चेष्टा केली. ज्या माणसांनी दिवसभर हिंदीत सौदा केला, हिंदीत रिक्षा ठरवली, त्यांच्यातल्या एकालाही हिंदी आठवली नाही. मराठी वाचनालयातलं मराठी वाक्य ना ते. आणि खरं सांगू? दुसऱ्याचे गुण समजायला माणसाला भाषा अपुरी पडते, दुसऱ्याचा गुन्हा समजायला कोणतीच कमी पडत नाही.

कृष्णराव आले. ओळ त्यांनी तीनदा वाचली. मग त्यांनी मला मिटलं. कोणीतरी भीत भीत सुचवलं की पोरीला फोन करून विचारून घ्यावं. "नाही," ते म्हणाले. "रडली ते लिहून गेली. आता तिच्या घावावर बोट ठेवाचं नाही. तिच्यासमोर या पुस्तकाचं नाव कोणी काढाचं नाही." प्रेमापोटी माणूस काय काय बंद करून टाकतो पाहा. एका फोनचं काम होतं. पण घरच्या माणसाला जपायचं म्हणजे त्याला काही विचारायचं नाही, अशी या लोकांची रीत.

सभा झाली. मृणालला बोलावलं. तिने माझ्यातली ओळ वाचली. ती शिकलेली बाई, तिलाही अर्थ उलगडला नाही, कारण मनातून ती आधीच घाबरलेली होती. दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाला घेऊन आपण प्रेमकथा रचली, हे चुकलं की काय, असं तिला सात वर्षं वाटत आलं होतं. आता त्याच मुलाच्या लेकीने लिहून दिलं म्हटल्यावर तिने मान खाली घातली. कृष्णरावांनी तिला पत्रांची पिशवी परत मागितली आणि आमच्या दारात पाय ठेवू नको म्हणून सांगितलं. कोणीतरी श्यामरावांचं मत विचारलं. ते म्हणाले की अभिप्राय जसा आहे तसा जपून ठेवणं हा आपला नियम आहे, आणि पुस्तक तूर्त मागे घ्यावं. चारही प्रती कपाटात गेल्या, किल्ली त्यांच्या खिशात गेली.

मग माझी पानं भरभर भरली. ज्या ताराबाईंची भाजी करपली होती, त्यांनी लिहिलं, 'मला पहिल्यापासूनच खटकत होते.' राजदीपने लिहिलं की असल्या पुस्तकामुळे माझी बस चुकली याची लाज वाटते. सुमेध हवालदाराने लिहिलं, 'शहिदाची थट्टा फौजी सहन करणार नाही,' आणि दोनदा वाचल्याचा उल्लेख टाळला. ज्यांनी पुस्तक हातात धरलेलं नव्हतं, त्यांचे अभिप्राय सगळ्यांत लांब होते. ते रकाने ओलांडून समासात शिरले. सगळ्यांच्या खाली 'वाचले. श्या.' महिन्याभरात मृणालने हुडको सोडलं आणि ती दुर्गला भावाकडे राहायला गेली. दुसरी कादंबरी तिने अर्धी लिहिली होती, ती पाणी तापवायच्या बंबात घातली म्हणे.

या सगळ्या गोंधळात एका माणसाला कोणी काही विचारलं नव्हतं. घरी कृष्णरावांनी गयाबाईंना सांगितलं की त्या पुस्तकात गौरवची चेष्टा आहे. त्या म्हणाल्या, मी एकोणीस भाग ऐकले, मले तर कोठी चेष्टा नाही दिसली. तुले काय समजते, असं म्हणून त्यांना गप्प केलं. त्यांना वाचता येत नव्हतं ना. सगळ्या हुडकोत ते पुस्तक नीट वाचलेली ती एकच बाई होती, मित्रांनो, आणि तिला वाचता येत नव्हतं.

जून महिन्यातल्या एका रविवारी त्या एकट्याच आल्या. वाचनालयात श्यामराव होते, ताराबाई होत्या, मोना होती. गयाबाई टेबलाशी उभ्या राहिल्या. आधारासाठी त्यांनी हात टेकला तो नेमका माझ्यावर. मी उघडी होते, आणि उघडं होतं ते एकतिसावं पान.

"साहेब," त्या श्यामरावांना म्हणाल्या, "पुस्तक नका देऊ. मले वाचता येत नाही, मी त्याचं काय करू? तो वादळात गेला होता. तो सापडला का नाही, एवढंच सांगा मले."

श्यामराव म्हणाले की पुस्तक मागे घेतलेलं आहे, त्यातल्या मजकुराबद्दल इथे बोलता येत नाही. गयाबाईंनी ताराबाईंकडे पाहिलं. ताराबाईंनी कपाटाकडे तोंड करून पुस्तकं सारखी करायला घेतली. मोनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कृष्णरावांच्या धाकाने तिने ओठ घट्ट मिटले. आणि त्या म्हाताऱ्या तळहाताखाली मोनाचंच अक्षर होतं, मेजर जिवंत परत येतो, पिठलं मागतो. बोटाच्या पेराइतक्या अंतरावर. मी तेव्हा देवाकडे तोंड मागितलं. सगळ्या जगाची मतं पोटात घेऊन फिरणाऱ्या मला एक वाक्य बोलता आलं नाही. गयाबाईंनी एकेकाचा चेहरा नीट पाहून घेतला, मग पदर सारखा केला आणि त्या गेल्या. त्यानंतर त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही.

दिवाळीच्या सुटीत उन्नती आली. आल्या आल्या वाचनालयात धावली, कारण तिला कॉलेजातल्या मैत्रिणीला दाखवायला ती कादंबरी हवी होती. पुस्तक मिळत नाही म्हटल्यावर, निदान लोकांनी काय लिहिलं ते पाहू, म्हणून तिने मला उघडलं. स्वतःची ओळ पाहून आधी ती हसली. मग पुढची पानं वाचू लागली. तेच बोट ओळीखाली. बोटाचा वेग कमी होत गेला आणि शेवटी ते थांबलं.

"अंकल," ती श्यामरावांना म्हणाली, "चेष्टा मतलब कोशिश ना? मी तर तारीफ केली होती."

श्यामरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हिंदीत," ते म्हणाले. "मराठीत नाही."

पुन्हा सभा झाली. या वेळी श्यामराव उभे राहिले आणि त्यांनी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की एकच शब्द दोन भाषांत कसा वेगळा होतो, शिक्षा, आपत्ती, चेष्टा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताराबाई म्हणाल्या, श्यामरावांसारखा जाणकार होता म्हणून उलगडा झाला. चौतिसाव्या पानावर, त्या शब्दाच्या डोक्यावर, कागद अजून खरखरीत आहे. कोणी बोट फिरवलं तर कळेल. कोणी फिरवलं नाही.

कृष्णराव मात्र खरा माणूस निघाला. ते स्वतः दुर्गला गेले, मृणालच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. ती आली. वाळली होती, केस पांढरे झाले होते. रविवारी सकाळी सगळे जमले. गयाबाईंना टेबलाच्या टोकाला बसवलं. उन्नतीने आजीचा हात धरला. मृणालने विसावं प्रकरण काढलं आणि एका बैठकीत तेविसावं संपवलं. मेजर बर्फातून आला, त्याच्यावरचा ठपका गेला, त्याने घरी येऊन पिठलं मागितलं. बायका डोळे पुसत होत्या. सुमेध हवालदार खिडकीबाहेर पाहत होता. गयाबाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"छान लिहिलं, पोरी," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी बदललं तू."

मृणाल म्हणाली, "नाही हो काकू, पहिल्यापासून असंच आहे. छापलेलं आहे."

"कागदाचं काय. कागदावर माणूस काहीही लिहिते, आता तर मी पाह्यलंच." त्या शांतपणे बोलत होत्या, कोणावर रागावून नव्हे. "गौरव गेला, तेव्हा तीन दिवस सगळ्याइले माहीत होतं. मी ज्याले विचारू तो दुसरीकडे पाहे. जिवंत माणसाची खबर लोक धावत येऊन सांगतात, पोरी. गेलेल्याचीच लपवतात. मी इथं येऊन विचारलं तेव्हा या सगळ्याइनं तसंच तोंड फिरवलं. मी समजून गेली."

कृष्णराव म्हणाले, "गया, अगं तो जिवंत आहे. कसम खाऊन सांगतो." साठी उलटलेला माणूस, एका पुस्तकातल्या मेजरची शपथ घेत होता आणि कोणाला हसू आलं नाही.

"सर्वपित्रीले मी दोन पानं वाढली," गयाबाई म्हणाल्या. "एक गौरवचं आणि एक त्या मेजरचं. तुमाले वाटलं, बुढीनं चुकून वाढलं. कावळ्यानं दोन्ही घेतली. आता त्याले कुठून परत बोलावू?"

उन्नतीने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. मृणालने पुस्तक मिटलं. त्यानंतर तिने काही लिहिल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

मित्रांनो, आज मी कपाटाच्या तळाशी आहे. वाचनालयात आता नवी वही आली आहे, बिनरकान्यांची. तिच्यात तुम्हीही कधी लिहाल. माझी काळजी घ्या, मला कव्हर घाला, माझ्यात डांबरगोळ्या ठेवा, असं मी म्हणणार नाही. मला वाळवीने खाल्लं तरी चालेल. एवढंच करा : कोणाचं लिहिलेलं मनाला टोचलं, तर त्यावर दुसरं लिहिण्याआधी त्या माणसाला विचारून घ्या, तुला काय म्हणायचं होतं. आणि कोणी म्हातारी तुमच्यासमोर येऊन उभी राहिली, तिने एक साधी गोष्ट विचारली आणि तुम्हाला ती ठाऊक असली, तर नियम पाहू नका, कोणाच्या तोंडाकडे पाहू नका. तिला सांगून टाका. तुम्हाला तोंड आहे.